तारवाल्या मॅडम

"वाकलं तर चालतं हो, मोडता कामा नये," असं म्हणत त्या पर्समधून एक बारीक तार काढायच्या, बोटांनी वेडीवाकडी करायच्या आणि समोरच्याच्या गरम चहात बुडवायच्या. तार पुन्हा सरळ! चहा बहुतेक वेळा माझाच असायचा.

तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर त्या आल्या तेव्हा भूकंपाच्या धक्क्यांनी शाळेच्या भिंती कोपऱ्यांत तडकल्या होत्या. वर्ग तंबूत भरायचे. मी तिथला शिक्षक. त्या इंजिनिअर, पन्नाशीच्या, मराठीत मधेच गुजराती बोलणाऱ्या. ताणली तरी मूळ मापावर येणाऱ्या तारांनी भिंती आणि छप्पर एकत्र बांधायचं, असं त्यांचं काम.

पाड्यातली कुडाची घरं पाहून मात्र त्या थबकल्या. कारवीच्या काटक्यांच्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सर, ह्यांना आधीपासूनच वाकता येतं. शिकवायचंय ते आपल्या सिमेंटच्या शाळेला."

काम झालं, पण पोरं काही आत येईनात. एका मुलीची आई तोंडावर म्हणाली, "तार तुमची, बाई. पोर माझी."

तुम्हीही हुशार माणसं पाहिली असतील. अशा वेळी ती चिडतात. मॅडम म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती." दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या वर्गात एकट्याच बसू लागल्या. डबा तिथेच, लिखाण तिथेच. पोरं खिडकीतून बघायची.

आठवडा उलटला आणि एका दुपारी जमीन हादरली. आम्ही सगळे मैदानात; त्या आत, बाकाखाली. हादरे थांबल्यावर बाहेर आल्या, केसांत धुरळा. "भिंत ठीक आहे," हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "माझेच हात थांबत नाहीयेत." तीच आई पुढे आली. तिनं ते हात आपल्या हातांत धरून ठेवले.

दोन दिवस मॅडमनी सगळ्या भिंती पुन्हा तपासल्या. सोमवारी त्या आईची पोर पहिली आत बसली. मग बाकीची.

त्या परत गेल्यावरही इकडे धक्का बसला की तासाभरात त्यांचा फोन यायचा. मी भिंतीचं सांगू लागलो की अडवायच्या, "आधी पोरं सांगा, सर."

गेल्या वर्षी त्यांच्या बहिणीनं त्या गेल्याचं कळवलं.

परवा पुन्हा हादरलं. पोरं बाकांखाली बसली, मग रांगेनं मैदानात आली. मी मोजली; सगळी होती. सवयीनं खिशातून फोन काढला आणि शाळा सुटेपर्यंत तसाच हातात धरून बसलो.