मामेसासऱ्यांची गाडी

अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात सगळ्यात जास्त गाड्या कुणाकडे असतील, तर त्या माझ्या मामेसासऱ्यांकडे, आणि त्यांतली एकही त्यांच्या नावावर नाही. माझ्या बायकोचे हे मामा मसुऱ्याला राहतात. घर उत्तम, काजूची बाग बरी, मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागलेली. पण दारात गाडी म्हणाल तर साधी सायकलसुद्धा नाही. वाडीत घरटी एकेक पांढरी गाडी ताडपत्री पांघरून उभी असते आणि मामांच्या दारापुढच्या खळ्यात कुळीथ वाळत असतात. कुणी विचारलंच तर उत्तर तयार. "बैल पोसलो तर शेण तरी मिळता. गाडी पोसून काय मिळता?" गाडीचे वाचलेले पैसे विहीर बांधण्यात, कौलं बदलण्यात आणि मुलीच्या शिक्षणात गेले, हे मात्र खरं. त्यामुळे या विषयावर त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो.

आता बिनगाडीच्या माणसाकडे इतक्या गाड्या कुठून आल्या? तर गाऱ्हाण्यातून. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्या आवाजात मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. मामांचा आवाज असा की मागणं थेट देवाच्या कानावर जावं, म्हणून वाडीत हा मान त्यांचा. मी गाडी घेतली तेव्हा तिला नारळ फोडायला मसुऱ्यालाच नेली होती. मामा बॉनेटसमोर हात जोडून उभे राहिले. "बा देवा, ह्या लेकरान नवी गाडी घेतलेली आसा, तिका काय इडापिडा येयत ती दूर कर रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, होय म्हाराजा. "हेच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!" होय म्हाराजा. "आणि ही गाडी वाटेन कधी रिकामी जावा नये, गाववालो हात दाखवीत तेका बसवन घेवची बुद्धी दी रे म्हाराजा!" होय म्हाराजा, असं सगळ्यात मोठ्यांदा मीच ओरडलो. बायकोने कोपर मारलं तेव्हा कळलं, पण देवासमोर दिलेला शब्द मागे कसा घेणार? वाडीतल्या प्रत्येक गाडीवाल्याचं असंच झालेलं आहे. तरीही पुढच्या गाडीला गाऱ्हाणं मामांनीच घालायचं, यावर सगळ्यांचं एकमत असतं.

मामा सकाळी तिठ्यावर उभे राहतात आणि गाडी वळणाआड असतानाच नुसत्या आवाजावरून ती कुणाची ते सांगतात. आत बसले की मालक आपण आणि चालवणारा नोकर. स्वतः जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण चढ आला रे आला की, "गेर बदला, जावयबापू." पेट्रोलचे पैसे कधी विचारत नाहीत, उतरताना मात्र सीटवर एक नीरफणस किंवा पिशवीभर कोकमं ठेवून जातात. एकदा त्यांनी माझ्या डिकीत सुके बांगडे ठेवले आणि सांगायला विसरले. मी तेव्हा गाडी घरी ठेवून आठवडाभर परगावी गेलो होतो. परतल्यावर गाडीपाशी गल्लीतली सगळी मांजरं धरणं धरून बसली होती. तक्रार केली तर म्हणाले, "बांगडे बरे हुते मां?"

या सगळ्या थाटामाटात मामी मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, अंग चोरून बसलेल्या असत. मामी कधी काही बोलत नसत, म्हणून त्यांना काही म्हणायचं नाही असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. त्यांची थोरली बहीण, अक्का, खारेपाटणला. मामी तिला भेटायला जात त्या अर्थातच मामांनी जुळवलेल्या गाडीने. गाडीवाल्याचं तिकडचं काम अर्ध्या तासात उरके, बाहेर हॉर्न वाजे आणि चुलीवर उकळत असलेला चहा तसाच ठेवून मामी उठत. गेल्या वर्षी अक्का अंथरुणाला खिळली. आता फार दिवस काढत नाही, असा निरोप आला. मामांनी तासाभरात एका गाडीवाल्याला गाठलं, आणि मामी पहिल्यांदाच नाही म्हणाल्या. "माका येवचा नाय. हॉर्न वाजलो काय चाय टाकून उठूक व्हया. मी अक्काक बघूक जातंय काय हॉर्न आयकूक?"

मी माझी गाडी काढतो म्हटलं, तर मामांनी नकारार्थी मान हलवली. "तुमच्या गाडयेत ती गपच बसतली. जावयाक 'थांब' म्हणात काय ती?" दुसऱ्या दिवशी दारात मालवणहून आलेली भाड्याची गाडी उभी, दिवसभरासाठी ठरवलेली, आणि तीही घासाघीस न करता! सोबतीला मला घेतलं. मामींना त्यांनी पुढे बसवलं. कणकवली मागे पडेपर्यंत मामी अवघडून होत्या, मग एका टपरीपाशी हळूच म्हणाल्या, "हयसर जरा थांबशात?" गाडी थांबली. मामींना स्वतःलाच नवल वाटलं. मग अक्कासाठी केळी घ्यायला थांबल्या, पुढे नुसती नदी बघायला थांबल्या. मामांनी एकदाही घाई केली नाही.

अक्काच्या खाटेवर दोघी बहिणी हातात हात घेऊन बसल्या. कुणाचं लग्न कसं मोडलं, आईने कुणाला कशावरून मारलं, बोलणं संपेना. दुपार कलली. ड्रायव्हरला काळोखाआधी परतायचं होतं. त्याने हॉर्न दिला. मामी सवयीने पदर सावरून उठल्याच. मामा म्हणाले, "बस गो तू. आज गाडी आमची आसा." आणि स्वतः बाहेर जाऊन ड्रायव्हरशी काही बोलले. मग दिवेलागणीपर्यंत हॉर्न वाजला नाही.

अक्का त्यानंतर पंधरवड्यात गेली. मामांनी गाडी अजून घेतलेली नाही, घेणारही नाहीत. परवा मी चेष्टेने विचारलं, "मामा, गाडी घेतली नाहीत याचं कधी वाईट वाटतं का?" एरवी बैल आणि शेण ऐकायला मिळालं असतं. या वेळी खळ्यातले कुळीथ हाताने सारखे करत ते म्हणाले, "गाडी घेवक नाय तेचा माका दुख नाय, जावयबापू. पण तुमची मामी इतकी वर्सा दुसऱ्याच्या हॉर्नार उठली, ता माका कधी दिसाक नाय." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.