बारा दिवसांचं गाणं

गळ्यातली गाठ काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागेल, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी छबुबाईला स्पष्ट सांगितलं. बाई रडली नाही. तिने बारा दिवस मागून घेतले. केजजवळच्या कला केंद्रात आमच्या लावणीच्या पार्टीचे तेवढेच दिवस उरले होते आणि ते तिला गायचे होते. मी बिभीषण, बावीस वर्षं तिच्या मागे ढोलकी वाजवत आलो. म्हणालो, "बाई, मरायचंय का?" तर तिने असं बघितलं माझ्याकडे, की मी गपगुमान ढोलकीच्या कड्या ओढत बसलो.

हे सगळं तिच्या लेकीसाठी, संस्कृतीसाठी चाललं होतं. पोरगी एकुलती, नांदूरघाटला मावशीकडे वाढलेली, आता लातूरला नर्सिंग शिकते. आईने तिला केंद्राची पायरी कधी चढू दिली नाही, आणि घरी गेली की ही बाई अंगाईसुद्धा म्हणायची नाही. आमच्यातल्या पुष्कळजणी असंच करतात. एकोणीस वर्षांच्या पोरीने आईचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं.

"प्रविण, बारा दिवसाचं समदं भरून ठेव," तिने साउंडवाल्याला बजावलं. "माज्या लेकीला द्यायचंय."

"ठेवतो की, मावशी," प्रविण म्हणाला.

त्या बारा दिवसांत ती जे गायली ते मला पुन्हा ऐकायला मिळणार नाही. खालचे सूर फाटत होते, म्हणून ती वरच राहायची. रुमालाला रक्त लागायचं, तो ती कमरेला खोचायची. समोरच्या मंडळींना त्याचं काय! आमच्या बैठकीत कुणी बक्षिसी दिली की गाणं तिथेच थांबवायचं, देणाऱ्याचं नाव घेऊन आभार मानायचे, मी ढोलकीवर तोडा वाजवायचा आणि पुन्हा मुखड्यापासून सुरुवात. रामप्रसादशेठचं नाव झालं की अभिमन्यूदादाला लगेच कमीपणा वाटायचा, मग तोही नोट काढायचा. या रिवाजावरच माझं पोट चाललं, तरी सांगतो, गाण्याचा गळा घोटणारा रिवाज आहे तो.

ऑपरेशन झालं. परळीच्या तिच्या खोलीत महिन्याभराने मी प्रविणने दिलेलं कार्ड मोबाईलमध्ये घातलं. भर दुपार होती, थर्मलची राख आत येते म्हणून दार लावलेलं. पहिलीच फाईल लावली. छबुबाईचा गोड आवाज आला, "रामप्रसादशेठ, लई आभारी हाय." माझा तोडा, आणि संपलं. दुसऱ्या फाईलीत अभिमन्यूदादा. तिसऱ्या फाईलीत पुन्हा शेठ.

मी प्रविणला फोन लावला. "गाणं कुठंय बे?"

"गाणं?" तो खरंच चक्रावला. "काका, आजपत्तुर कुनी गाणं मागितलंय का? बक्षिसी देणारे समदे आपापल्या नावाचा तुकडा मागतेत. मी रोज नावं काढून ठेवतो, बाकीचं उडवतो. मावशी समदं म्हणली, म्हणून एक बी नाव सोडलं न्हाई."

पोरगं लबाड असतं तर दोन लाथा घालता आल्या असत्या.

छबुबाईने सगळ्या फाईली ऐकल्या, एकही सोडली नाही. मग पाटीवर लिहिलं, "लेकीनं हे ऐकू नये. पुसा." मलाही तेच पटलं. परक्या पुरुषांची नावं आई इतक्या लाडाने घेते, हे कुठल्या पोरीने ऐकावं? मी एकेक पुसलं. प्रविणलाही त्याच्याकडचं पुसायला लावलं.

रविवारी संस्कृती आली. आईच्या गळ्याची नळी तिने सफाईने धुतली, चादर बदलली आणि मग मला विचारलं, "काका, आईचं गाणं भरलंय म्हणं तुमी?"

"बिघडलं, पोरी. नुस्ती लोकांची नावं आलती. पुसून टाकली."

"नावं? आईच्या आवाजात?"

"हाव."

"मग पुसली कावून, काका? मला गाण्यातलं काय कळतंय? फोनवर 'जेवलीस का गं' म्हणायची ना, तो आवाज पाहिजे होता मला. माज्याकडं कायबी न्हाई तिचं."

छबुबाई खाटेवर जागीच होती. पाटी तिच्या उशाशी होती, पण तिने ती घेतली नाही. लेकीकडे बघत तिने तोंड उघडलं, ओठ हलवले. ती काय म्हणाली ते आम्हा दोघांनाही कळलं. नळीतून नुसती हवा आली.