गांधीलमाशीचे पट्टे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ताई खिडकीपाशी बसून एका मेलेल्या गांधीलमाशीकडे भिंगातून बघत होती. माशी टाचणीवर होती आणि टाचणी बाटलीच्या बुचात रोवलेली होती. शेजारी करड्या प्लास्टिकचं, सहा पायांचं, बोटभर उंचीचं एक परग्रहावरचं जनावर नांगी उगारून उभं होतं. गांधीलमाशीच्या पोटावर पिवळा आणि काळा जिथे भेटतात, तिथे मधला रंग नसतोच. रेघ अशी, की पात्याने कापल्यासारखी. ही रेघ काढायची कशी, हे ताई बघत नव्हती. ती तिला कित्येक वर्षं येत होती. ती टाळायची कशी, हे बघत होती.

ताई ही खरी एकाचीच, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तिच्या धाकट्या भावाची. पण त्याच्या खेळातल्या मित्रांनी ते नाव उचललं, मग दातांच्या लॅबमधल्या लोकांनी. आणि आता लॅबचे मालकसुद्धा, जे वयाने तिच्या वडिलांच्या जवळ जातात, तिला ताईच म्हणतात. लॅबमध्ये ती दातांच्या कॅपवर पोर्सेलिनचे थर चढवते. दात पांढरा असतो असं फक्त दात नसलेल्यांना वाटतं, हा तिचा तिथला जुना विनोद. मुळाशी पिवळट, मध्ये दुधी, टोकाला काचेसारखा निळसर, आणि चाळिशीपुढच्या माणसाचा असेल तर त्यात केसाएवढ्या बारीक उभ्या रेघा. समोरचा दात करायचा असला की मालक तो ट्रे दुसऱ्या कोणाच्या टेबलावर ठेवत नाहीत.

किड्यांची भानगड धाकट्यामुळे मागे लागली. दर रविवारी लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये सात-आठ बाप्ये जमतात, टेबलावर थर्माकोलचे डोंगर मांडतात, फासे टाकतात आणि एकमेकांच्या बोटभर फौजा कापून काढतात. "घरातला बल्ब बदल म्हटलं तर कंबर धरतात," ताईचा नवरा म्हणतो, "आणि तिकडे ग्रहच्या ग्रह जिंकतात." धाकट्याची फौज परग्रहावरच्या कीटकांची. ती खोक्यातून करडी, कोरी आली आणि रंगवायला ताईकडे गेली; खोक्यावरच्या चित्रात मात्र ती जांभळी होती.

"जांभळा किडा बघितलायस कधी?" ताईने पहिल्या दिवशीच विचारलं होतं.

"ताई, हे परग्रहावरचे आहेत."

"परग्रहावर गेलं म्हणून कोणी काहीही नेसत नाही."

तिचं म्हणणं सरळ होतं. किड्याच्या अंगावरचा रंग ही हौस नसते, कामगिरी असते. कोणाला लपायचं असतं, कोणाला दम द्यायचा असतो. आधी फौजेचं काम ठरवा, मग तसा किडा शोधा, मग रंग. ती दिव्याखाली पडलेले, खिडकीच्या फटीत वाळलेले किडे उचलून आणू लागली. त्यातही तिला फरक कळायला लागला. सोनकिड्याचा हिरवा मेल्यावरही तसाच झळकतो, पण चतुराचा निळा एका दिवसात मातकट होतो. म्हणून चतुर जिवंत असतानाच, पाणवठ्याशी उकिडवं बसून बघायचा. एक फौज तिने ठिपक्यांच्या लाल भुंग्यांसारखी रंगवली. पुढची गांधीलमाशीसारखी, पिवळ्यावर काळे पट्टे, एकूण एक पट्टा धारदार. त्या फौजेला स्पर्धेत रंगकामाचं पहिलं बक्षीस मिळालं. धाकटा गांधीलमाशीचं चित्र असलेली ती बक्षिसाची ढाल लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये ठेवतो. त्याचा मुकादम तिला किडे मारायच्या औषधाची जाहिरात समजतो.

मग पतंगांची फौज आली. दिव्याभोवती फिरणारे, राखाडी, धुरकट पतंग. "रात्रीची फौज," ताईने समजावलं, "दबा धरून बसणारी. पट्टे कशाला हवेत?" धाकट्याला कल्पना आवडली. पतंगाचा रंग द्यायची रीत अशी, की ब्रश रंगात बुडवायचा, फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि अंगावरून नुसता फिरवायचा. उंचवट्यांना रंग लागतो, खोबणी काळी राहते. रेघ मारावी लागत नाही. त्यानंतरचा गट झाडाच्या सालीसारख्या नाकतोड्यांचा. त्यात पातळ तपकिरी पाणी ओतलं की ते आपणच भेगांमध्ये उतरतं. तिथेही रेघ नाही.

ताईचा उजवा हात थरथरत होता.

टेबलावर नुसता पडलेला असला की शांत असायचा. काही बारीक करायला गेलं, की बोटं आपला वेगळा बेत आखायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि न सांगण्याचं कारण घरातच होतं. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. पुढे ते घड्याळं विकायला लागले. मध्ये काय झालं, याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायचा एवढा नियम झाला, आणि अर्ध्या कपाला घरात 'बाबांचा कप' म्हणायला लागले. पाहुण्यांनाही विचारायचे, "पूर्ण की बाबांचा?" सगळे हसायचे. बाबाही हसायचे. दुकानात मात्र ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर पट्टा बांधायला दुसऱ्याला हाक मारायचे.

लॅबमध्ये सुरुवातीला हाताने ताईला साथच दिली. एका मास्तरांच्या समोरच्या दातावर तिने भेगेची रेघ काढली आणि ती वाकडी गेली. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा मालकांना फोन, "काय जिवंत दात केलाय!" मालकांनी ते सगळ्यांसमोर वाचल्यासारखं सांगितलं. ताई त्या दिवशी डबा न खाता बसली. पण कॅपची कड म्हणजे भेग नव्हे. तिथे केसभर जास्त पोर्सेलिन लागलं की कॅप हिरडीशी बसत नाही. अशी एक परत आली. मग आणखी एक.

"ताई, चष्म्याचा नंबर बघून घ्या," मालक म्हणाले.

"घेते," ताई म्हणाली. तिला चष्मा हे उत्तर इतकं आवडलं की तिने खरंच नवा चष्मा केला.

आता धाकट्याने गांधीलमाशीच्या फौजेत राणी आणि तिचे सहा रक्षक वाढवायचं ठरवलं होतं. रविवारी स्पर्धा. जुन्या फौजेत घालायचे म्हणजे रंग जुळलाच पाहिजे. पतंग तिथे चालणार नव्हते. ताईने आठवडाभर पहाटे उठून प्रयत्न केला. दोन्ही कोपरं टेबलावर, मनगटाला मनगट लावून, श्वास सोडून थांबायचं आणि त्या थांबलेल्या क्षणात ब्रश ओढायचा. पहिला पट्टा जमायचा. दुसरा अर्ध्यात घसरायचा. ओल्या ब्रशने पुसायला गेलं की काळा पिवळ्यात मिसळून शेवाळी चिखल व्हायचा. एकाच राणीचा रंग तिने इतक्यांदा उतरवला की पाठीवरची बारीक नक्षी बुजायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी धाकटा कामावरून तसाच आला. हाताला ग्रीस, कपाळालाही ग्रीस.

"ताई, माझी राणी कुठेय?"

"बस. चहा घे आधी."

"म्हणजे झाली नाही."

नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि तो भांडी घासायला आत गेला. ताईने घसा साफ केला.

"मी काय म्हणते, राणीला आणि रक्षकांना वेगळी योजना करू. एक माशी असते, फुलांवर घोंगावते. दिसायला गांधीलमाशीसारखी, पण पट्टे जरा धूसर. आणि नांगी नसते. नुसत्या सोंगावर जगते. शत्रूला कळतच नाही खरी कोण ते."

"म्हणजे माझी राणी सोंगाडी?"

"फसवी म्हण."

"ताई, तिच्या ढुंगणावर तिच्याएवढी नांगी आहे. खोक्यातूनच तशी आलीय. तिचं काय करू, कापू?"

"काप, काप," आतून नवरा ओरडला. "परवा माझ्या टाचेत घुसली होती ती."

धाकटा हसला, मग हसायचा थांबला. त्याने शेल्फवरच्या फौजांकडे बघितलं. डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने रंगवल्या त्या क्रमाने.

"आधी पतंग. मग ते झाडाच्या सालीचे नाकतोडे. आता ही धूसर माशी. ताई, तू दर वेळी रेघा कमी करत चाललीयस."

"आवड बदलते माणसाची."

"तुझी? तू वांग्याच्या रंगावरून भाजीवाल्याशी भांडतेस." त्याने राणी तिच्यासमोर सरकवली. "एक पट्टा ओढ. माझ्यासमोर."

"तू काय मास्तर लागून गेलास माझा?"

"गिऱ्हाईक आहे. फुकटं, पण गिऱ्हाईक."

तिने नाही म्हणायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. पण तिने ब्रश उचलला. कोपरं टेकवली, मनगटं जुळवली, श्वास सोडला. ब्रशचं टोक पिवळ्यावर टेकलं आणि तिथेच नाचायला लागलं. राणीच्या पोटावर बारीक काळे ठिपके उमटले, एकाशेजारी एक, शिवणयंत्राची टीप पडावी तसे. आतला नळ बंद झाला.

"कधीपासून?" धाकट्याने विचारलं.

"पतंगांपासून."

धाकट्याची नजर टेबलावर गेली. त्याचा कप काठोकाठ होता. ताईचा अर्धा.

"हा कप कोणी भरला?"

नवरा दारात उभा होता, ओले हात पुढे धरून. "मी. मीच भरतो."

"कधीपासून असा भरता, भाऊजी?"

"सांडायचा तिचा. मग मी कमी भरायला लागलो."

"आणि बोलला नाहीत?"

"ती बोलली नाही," नवरा म्हणाला. "मला वाटलं, तिला नको असेल बोलायला."

ताई कपाकडे बघत होती. इतके महिने ती तो चहा पीत होती आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं. दाताच्या टोकाला निळसर झाक किती, हे दुरून सांगणारी बाई. तिला संताप आला आणि तो नवऱ्यावर निघाला. "म्हणजे तुम्ही गुपचूप मला बाबा करून ठेवलंत."

"बाबांना नक्की काय होतं?" धाकट्याने विचारलं. तो तेव्हा लहान होता.

"मला काय माहीत? बाबा कधी डॉक्टरकडे गेले होते? त्यांनी दुरुस्तीचं टेबल विकून टाकलं आणि काउंटर घेतला. झालं औषध."

"तू जा. उद्याच जा."

"आणि तो काय सांगणार? हात बदलून देणार? तुझं बरंय. दोर झिजला की दुसरा घालतोस."

"दोर नंतर घालतो, ताई. लिफ्ट आधी बंद करतो. आत माणसं असताना चालवत नाही." त्याने ग्रीसचा हात पँटला पुसला. "त्या कॅप कोणाच्या तरी तोंडात जातात."

परत आलेल्या दोन कॅप तिला ठाऊक होत्या. परत न आलेल्या किती असतील, हा हिशेब ती पहाटे खिडकीशी बसून टाळत आली होती. पट्टे टाळण्यापेक्षा ते अवघड होतं.

"रविवारी काय करशील?" तिने शेवटी विचारलं.

"जुनी फौज घेऊन जाईन. राणी घरी झोपेल. राण्या झोपतातच."

"तुमच्या हॉलमधल्या त्या दुसऱ्या रंगवणाऱ्या पोराला दे. तो बरा करतो."

"तो जांभळी करेल," धाकटा म्हणाला. कोणी हसलं नाही.

शुक्रवारी सकाळी लॅब उघडली तेव्हा ताई मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं. मालकांनी समोरचा ट्रे उगाच सरळ केला.

"मला वाटलं चष्मा," ते म्हणाले.

"मलाही बरं वाटलं होतं चष्मा म्हणून."

"तुमच्यासारखी शेड इथे कोणाला जुळवता येत नाही, ताई. पण समोरचे दात..." वाक्य त्यांना पूर्ण करता येईना. तेव्हा ते तिनेच पूर्ण केलं. समोरचे दातच काय, कुठलीच कॅप आजपासून तिच्याकडे नको. शेड ती बघून देईल, थर शेजारच्या टेबलावरची मुलगी चढवेल, आणि उरलेला वेळ ती प्लास्टरच्या टेबलावर बसेल. कायमचं की सध्यापुरतं, हे मालकांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिलाच ठाऊक नव्हतं. केबिनमधून बाहेर येऊन तिने आपले पाच ब्रश धुतले, टोकं ओठांनी सरळ केली आणि ते त्या मुलीच्या टेबलावर नेऊन ठेवले. मुलगी म्हणाली, "अहो ताई, तुमचे कशाला? माझे आहेत." ताई म्हणाली, "वापर. कोरडे पडले की केस विस्कटतात."

दुपारभर ती प्लास्टरचे साचे घासत होती. यंत्राचा दगड फिरत असतो, आपण साचा फक्त टेकवायचा असतो. अंगठ्याएवढ्या कामाला हात पुरेसा स्थिर होता. पांढरी भुकटी कोपरापर्यंत चढली. सोबतचा माणूस, ज्याने आयुष्यभर साचेच घासले आहेत, म्हणाला, "इथे बरं असतं. कोणी फोन करत नाही." त्याने ते समजूत घालायला म्हटलं होतं.

उद्या शनिवार. सरकारी रुग्णालयात मेंदू आणि मज्जातंतूंच्या विकारांच्या नव्या रुग्णांची नावं सकाळी आठला घ्यायला लागतात आणि साडेदहाला खिडकी बंद होते. ताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. नवरा सोबत जाणार आहे. दुपारी दोन वाजता तिला लॅबमध्ये, प्लास्टरच्या टेबलावर हजर व्हायचं आहे.