डोळे मिटून बोलणारा माणूस

मंचरच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे आणि दुकानामागे घर. त्या घराची आणि सुदर्शन भालेरावांच्या घराची भिंत एकच. आम्ही जैन, ते ख्रिस्ती. आमचं प्रतिक्रमण त्यांना ऐकू जायचं, त्यांची प्रार्थना आम्हाला. वीस वर्षांत त्यावरून कधी काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्यांच्याच घरात. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी हसत बसलो, याची आज लाज वाटते.

सुदर्शनभाऊ बटाट्याच्या शीतगृहात मशीन सांभाळतात. दर दोन तासांनी तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. तिथे हा माणूस एकदाही चुकला नाही, पण स्वतःच्या तब्येतीकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. पन्नाशीत साखर साडेतीनशेवर गेली तेव्हा डॉक्टरांनी चांगलंच झाडलं. त्याच महिन्यात त्यांच्या चर्चमध्ये पुरुषांची एक सभा झाली. पाळकांनी प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर तीन रकाने: प्रार्थना, चालणं, घरच्यांशी बोलणं. जे केलं त्यापुढे रोज खूण करायची. खुणा करायच्या म्हटल्यावर आमचे भाऊ पेटलेच.

पहाटे पाचला बायबल, साडेपाचला कालव्याच्या कडेनं चालणं. सहा महिन्यांत पोट उतरलं, साखर ताळ्यावर आली.

"पारसशेट, तुमीबी येत जा की," ते म्हणायचे. "लई हलकं वाटतं."

मी कसला जातोय! गादीवरून उठायला मला गिऱ्हाईक लागतं.

तिसऱ्या रकान्यासाठी त्यांनी संध्याकाळी साडेसातला घरची प्रार्थना सुरू केली. ते, स्नेहलवहिनी आणि मुलगा आदेश, असे तिघं बसायचे. आदेश इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन घरी आलेला. त्याबद्दल बाप त्याच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. आता बोलू लागला, पण हात जोडून, डोळे मिटून आणि पुस्तकी मराठीत.

"हे स्वर्गीय पित्या, माझ्या मुलाला आळसापासून सोडव. तो सकाळी नऊपर्यंत झोपतो, हे तू जाणतोस. त्याच्या हातातला मोबाइल त्याला सोडत नाही, हेही तू जाणतोस." मग वहिनींची पाळी. "प्रभू, माझ्या पत्नीला माझ्या पथ्याची आठवण राहू दे. आजच्या भाजीत तेल फार होतं."

भिंतीपलीकडे मी आणि माझी बायको चेतना तोंडावर हात धरून हसायचो. एक दिवस चेतना हसता हसता थांबली. "पोराला उलट बोलताही येत नाही हो," ती म्हणाली. "प्रार्थनेत मध्येच कोण बोलणार?"

मग मी सुदर्शनभाऊंना दुकानात चहाला बसवून समजावलं. म्हटलं, भाऊ, जे सांगायचं ते पोराला समोर बसवून सांगा. त्यांना ते पटलं नाही.

"देवासमोर सांगतो, शेट. आणि मी रागानं कुटं बोलतो? एक वाईट शब्द नसतो माझ्या तोंडात."

ते खरंच होतं. रागाचा एक शब्द नसायचा. तो असता तर निदान भांडण तरी झालं असतं.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. मी दुकान आवरत होतो. शेजारी प्रार्थना चालू होती आणि आदेश खांद्याला बॅग लावून पायरीवर चपला घालत होता. आतून बापाचा आवाज येतच होता. "या मुलाला कुठेतरी उभं कर, प्रभू."

"कुठं निघालास रे?" मी विचारलं.

"चाकणला. मित्राच्या रूमवर."

"पप्पांना सांगितलंस का?"

"त्यांचं चालू द्या, पारसकाका. ते माझ्याशी न्हाई बोलत."

तो गेला. स्नेहलवहिनींनी त्याला उठताना बघितलं होतं, पण प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही ही त्या घराची शिस्त. त्या ओठ दाबून आमेनची वाट बघत बसल्या. भाऊंनी डोळे उघडले तेव्हा आदेश हायवेला पोहोचला होता.

त्यानंतर आदेश आईला फोन करायचा, बापाला नाही. नाताळालाही आला नाही. सुदर्शनभाऊ रोज चालत होते, रोज प्रार्थना करत होते, आणि तिसरा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. मला वाटतं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. फेब्रुवारीत ते दुकानात आले आणि खाली मान घालून म्हणाले, "शेट, चाकणला जायचंय. पोराची माफी मागायचीय. माझ्यासंगं येता का?"

आम्ही गेलो. आदेश तिथल्या एका कंपनीत कामाला लागला होता; तिच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. आदेश निळ्या युनिफॉर्ममध्ये आला. सुट्टी पंधरा मिनिटांची. अंगानं भरलेला पोरगा वाळून गेला होता.

सुदर्शनभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, हात आपोआप जुळले आणि डोळे मिटले.

"डोळं उघडा, पप्पा," आदेश हळूच म्हणाला. "माझ्याकडं बघून बोला."

त्यांनी डोळे उघडले. मी टपरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मिनिटं जात होती. शेवटी ते म्हणाले, "जेवलास का?"

"व्हय."

"बरं."

आदेश आणखी थोडा थांबला. त्याला काहीतरी ऐकायचं होतं, हे मलाही दिसत होतं. भोंगा झाला. तो बापाच्या पाया पडला आणि आत गेला.

गेट लागल्याबरोबर सुदर्शनभाऊंनी डोळे मिटले आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. "प्रभू, मी माझ्या मुलाला फार दुखवलं. तो नापास झाला तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मला त्याचा राग नव्हता, त्याचं कसं होईल याची भीती वाटत होती. त्याच्याशिवाय घर मला सोसत नाही." गालावरून पाणी वाहत होतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी माझा फोन काढला, आदेशचा नंबर लावला आणि त्यांच्या कानाला धरला. "आत्ता बोललात तेच बोला," मी म्हणालो. "अगदी तेच."

कामावर जाताना मुलांना फोन गेटवर ठेवावे लागतात, हे मला माहीत नव्हतं. घंटी वाजत राहिली. मग घंटी थांबली.

"नाय उचलत," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा भाव आला.