माळा भाड्यात नाही

जळगावातलं ते घर पाहायला आम्ही दुपारी चार वाजता गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती पट्टी. घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. वय साठीच्या पुढे, डाळमिलमधल्या नोकरीतून निवृत्त. गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून आम्हीही नाना म्हणू लागलो. नानांनी आम्हाला नळ दाखवला, मीटर दाखवलं आणि मग भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "एकच अट आहे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. एकसुद्धा नाही. नवीन रंग दिलाय."

मी एका सरकारी कार्यालयात कारकून. माझा नवरा शेतकऱ्यांच्या शेतात ठिबकच्या नळ्या बसवायचं काम घेतो. घर माझ्या कार्यालयाजवळ होतं, पाणी रोज येत होतं. आम्ही हो म्हटलं.

स्वयंपाकघरात ओट्याच्या समोर, दारावर, चांगला ऐसपैस माळा होता आणि त्याला फुलाफुलांचा पडदा लावलेला होता. सामान लावायच्या दिवशी मी स्टुलावर चढून पडदा सारला. आत मोडका कूलर, दोन टायर, चौकटीचं लाकूड, कापसाची जुनी गादी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि सगळ्यात मागे एक अर्धं पोतं. मला वाटलं, न्यायचं राहून गेलं असेल. मी खाली जाऊन विचारलं, "नाना, माळ्यावरचं सामान कधी काढताय?"

नाना पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "ते तिथंच राहील. माळा भाड्यात नाही."

मला आधी कळलंच नाही. घर भाड्यानं घेतलं म्हणजे छपरापर्यंतचं घेतलं असा माझा समज होता. परत वर आले, नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, पहिल्याच दिवशी कशाला वाद?" मीही जाऊ दिलं. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो, नानांच्या रागापेक्षा थोडा जास्तच.

आता खिळा नाही, माळा नाही, भिंतीत कपाट नाही. आणि सामान म्हणाल तर आमच्याकडे सोफा नव्हता, कपाटही नव्हतं. पण धान्य होतं. सासूबाई शिंदखेड्याजवळच्या गावात राहतात. आमच्या शेतातले वर्षाचे गहू, तुरीची डाळ, सुक्या मिरच्या, कुरडया आणि डबाभर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, हे सगळं त्या उन्हाळा संपता संपता एसटीनं पाठवून देतात. हे सामान जास्तीचं नाही, तो आमचा वर्षाचा स्वयंपाक आहे. ते ठेवायला जागा हवी, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी बाजारातून चिकटवायचे हूक आणले. पाकिटावर लिहिलं होतं की पाच किलो वजन सहज पेलतील. ओट्याच्या वर आठ हूक लावले, त्यांना झारे, चिमटा, किसणी, तवा अडकवला. चार महिने बरे गेले. मग मे महिना आला. ज्यानं ते पाकीट छापलं त्यानं जळगावचा मे पाहिलेला नसावा. एका दुपारी मी कार्यालयात असताना आठही हूक सुटले आणि जाताना डिस्टेंपरचे रुपयाएवढे पोपडे घेऊन गेले. तव्याचा आवाज खाली ऐकू गेला. मी संध्याकाळी आले तर नाना जिन्यातच उभे.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"नाना, खिळा ठोकलाच नाही. चिकटवलं होतं."

"रंग गेला ना? मग खिळा काय आणि चिकटपट्टी काय."

तो रंग नुसत्या बोटानं खरवडला तरी निघत होता. चुन्यावर एकच पातळ हात मारलेला होता. पण हे मी बोलले नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघांनी रंगाचा डबा आणून ती भिंत स्वतः रंगवली. उरलेल्या खोलीपेक्षा ती भिंत बरी झाली.

त्याच आठवड्यात मला कार्यालयातल्या शिपाईबाईंनी जुन्या गावातल्या एका पेटीवाल्याचा पत्ता सांगितला. पत्र्याच्या पेट्या बनवणारे ते एक वृद्ध मुसलमान कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. दुकान म्हणजे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी भाड्याची जागा. मी म्हटलं, "खाटेखाली बसेल अशी लांब पेटी हवी. सहा फूट."

चाचांनी हातातला हातोडा खाली ठेवला. "ओढणार कोण?"

"मीच."

"धान्य भरणार?"

"हो."

"मग सहा फुटी पेटी भरल्यावर तुमच्यानं हलणार नाही, बाई. मी बनवून देईन, पण तुम्ही मला शिव्या द्याल. दोन दोन फुटांच्या तीन घ्या. दोन्ही बाजूला कडी लावतो. आणि खाटेच्या उंचीचं माप आणलंय, ते पूर्ण पायाचं की खालच्या आडव्या पट्टीपर्यंतचं?"

मी पूर्ण पायाचंच आणलं होतं. त्यांनी मला परत पाठवलं. पुन्हा माप घेऊन गेले तेव्हा माझी नजर त्यांच्या मागच्या भिंतीकडे गेली. सगळी हत्यारं एका जाड फळीवर टांगलेली होती आणि फळी भिंतीला नुसती टेकवून उभी केली होती. खालून एक वीट लावलेली.

"माझाही मालक खिळा ठोकू देत नाही," चाचा म्हणाले. "म्हणून खिळे फळीला ठोकले. फळी माझी आहे. तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तो एकदाही म्हणाला नाही की ठोका आता."

हे ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. तीस वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाला एक खिळा ठोकायची मुभा नसावी, याचं मला त्या दुकानात उभ्या उभ्या इतकं वाईट वाटलं की मी पैसे देऊन सुट्टे घ्यायला विसरले. त्यांनी हाक मारून दिले.

त्या पेट्या आल्या आणि घर बदललं. फळीची युक्ती मी ओट्याजवळ केली. नवऱ्यानं हार्डवेअरच्या दुकानातून इंचभर जाडीचे पांढरे पाईप आणले आणि एल्बो, टी असे जोड वापरून जमिनीपासून डोक्यापर्यंत मांडणी उभी केली. जोड चिकटवले नाहीत, नुसते दाबून बसवले, म्हणजे घर सोडताना सुटे करून नेता येतील. त्यावर प्लायच्या फळ्या ठेवल्या, जड डबे खाली, हलके वर. थंडीच्या गोधड्या मी लोडाच्या अभ्र्यात कोंबल्या आणि त्या लोडांना टेकून आम्ही बसू लागलो. खिडकीच्या गजांना वळवलेल्या तारेचे आकडे लावून कढया टांगल्या. भिंतीला आमचा स्पर्शही होत नव्हता.

फक्त आडव्या पट्टीखाली पेट्या बसाव्यात म्हणून खाट विटांवर चढवावी लागली होती. दिवाळीनंतर सासूबाई आल्या. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी खाटेकडे पाहिलं, मांडणीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई घर शे का गोदाम?"

मग त्यांना माळ्याचा पडदा दिसला. त्यांनी विचारलं, तिथं का नाही ठेवत? मी सांगितलं. त्या आठ दिवस राहिल्या आणि खाली सतरंजीवर झोपल्या, कारण खाटेवर त्यांना चढता येत नव्हतं. डोक्यावर एक अख्खा माळा मोडक्या कूलरसाठी राखलेला आणि म्हातारं माणूस फरशीवर. मी रोज सकाळी त्यांना हात देऊन उठवायची आणि रोज सकाळी माझ्या मनातलं एक वाक्य तयार व्हायचं, पण नाना जिन्यात भेटले की मी "बरंय ना?" एवढंच विचारायची.

पुढच्या उन्हाळ्यात उंदीर आला. आधी पडद्यामागे खसखस ऐकू यायची. मग एका सकाळी वरच्या फळीवरचा बिबड्यांचा डबा खाली पडलेला, झाकण निघालेलं आणि बिबड्यांचा चुरा सगळ्या स्वयंपाकघरात. सासूबाईंनी ओल्या कापडावर एकेक थापून, गच्चीत उन्हात बसून राखलेले बिबडे होते ते. मी स्टुलावर चढले. त्या मागच्या अर्ध्या पोत्यात हरभरे होते, किती वर्षांचे देव जाणे. पोतं फाटलेलं, आणि गादीच्या कापसात उंदराचं बिऱ्हाड.

मी नानांना वर बोलावलं. योगायोगानं सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. नानांनी दारातूनच पाहिलं. "तुम्ही सामान फार आणता," ते म्हणाले. "एवढं धान्य घरात ठेवल्यावर उंदीर येणारच."

"आमचं धान्य पत्र्याच्या पेट्यांत आहे, नाना. पोतं तुमचं फाटलंय."

"ते पोतं कित्येक वर्षं तिथं आहे. तुमच्या आधी कधी उंदीर नव्हता."

सासूबाई खाली बसून चुरा गोळा करत होत्या. मान वर करून शांतपणे म्हणाल्या, "नाना, माळा तुमना शे ना? मंग उंदीर बी तुमनाच शे. तुमना उंदीर तुमना घर लई जा."

नाना खाली गेले. पण सामान काढायला कुणी आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. नाना एका लग्नासाठी अमळनेरला गेले, दोन दिवसांसाठी. त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता मी नवऱ्याला म्हटलं, "आज काढू या." या वेळी तोही जाऊ दे म्हणाला नाही.

आम्ही एकेक वस्तू उतरवली. कूलर, टायर, लाकूड, गादी, गठ्ठे, पोतं. काही मोडलं नाही, काही टाकलं नाही. सगळं जिन्यानं खाली नेऊन नानांच्या ओसरीत भिंतीला लावून ठेवलं. नानांच्या पत्नी, ज्यांना आम्ही अक्का म्हणायचो, दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी विचारलं, "एवढंच होतं का वर?"

"हो, अक्का."

"मला वाटायचं, वर काहीतरी कामाचं असेल." त्या आत वळल्या आणि मला हातानं बोलावलं. आतली खोली मी पहिल्यांदाच पाहिली. पलंगावर एका बाजूला पेट्या रचलेल्या, देवघरासमोर जुना टीव्ही, स्वयंपाकघराचं दार सामानानं अर्धं अडलेलं. "भिंत माझी आहे," अक्का म्हणाल्या, "हवे तितके खिळे ठोकीन. पण मला इथं नीट पाय पसरता येत नाहीत. काही टाकू देत नाहीत ते."

दुपारी भंगारवाल्याची हाक ऐकू आली. मी खिडकीतून पाहिलं तर अक्का ओसरीतलं सगळं हातगाडीवर चढवून देत होत्या. टीव्हीसुद्धा.

सोमवारी नाना आले. ते आधी आमच्याकडेच आले. त्यांचा आवाज गल्लीभर गेला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा अधिकार कुणी दिला, असं ते विचारत होते. आणि मग दीड वर्षात पहिल्यांदा मी मनातलं बोलले. म्हटलं, "तुमच्या वस्तू तुमच्या दारात ठेवल्या. माझ्या घरात ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता? आम्ही या जागेचं भाडं देतो, आणि तुमचं सामान फुकट राहत होतं. माझी सासू फरशीवर झोपली." रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही.

जिन्याच्या खालून अक्का म्हणाल्या, "तिला नका बोलू. विकलं मी." नाना खाली गेले.

करार दर वेळी अकरा महिन्यांचा असायचा. पुढचा करार त्यांनी केला नाही. मुलाला जागा हवी आहे, असं कारण सांगितलं. मुलगा परदेशात होता. तोपर्यंत माझ्या बदलीचे कागदही हलले होते, त्यामुळे आम्ही भांडलो नाही. पण सांगते, बदली नसती तर मी भांडले असते. निघायच्या दिवशी नानांनी भिंतीवरून हात फिरवत सगळं घर तपासलं. कुठे एक भोक सापडलं नाही. मांडणीचे जोड सुटे करताना अक्का वर येऊन बसल्या होत्या. त्यांनी कागद मागितला आणि कोणत्या मापाचे किती पाईप लागतात ते नवऱ्याकडून लिहून घेतलं.

आता आम्ही धुळ्यात आहोत. दोन लहान खोल्या, तळमजला. सासूबाई येतात तेव्हा खाटेवरच झोपतात. खाट जमिनीवर आहे, कारण पेट्या आता माळ्यावर ठेवल्या आहेत. घर ठरवताना इथले मालक छापील करारावर सही करायला सांगत होते. मी पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली माझ्या कारकुनी अक्षरात लिहिलं की दोन्ही खोल्यांतले माळे रिकामे करून भाडेकरूच्या वापरात राहतील. मालक चष्मा सावरून वाचू लागले.

"हे असं कुणी लिहीत नाही हो," ते म्हणाले.

"लिहायला हवं," मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला, वरच्या माळ्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "माझ्या दोन घागरी आहेत तिथं. उद्या नेतो." आणि त्यांनी सही केली.