कॉम्प्युटरच्या पाठीवरचा दिवा

पिकलेल्या चिकूचा वास आला की मला तलासरीतलं ते दाखल्यांचं केंद्र आठवतं आणि चिकू घशाखाली उतरत नाही.

डहाणूला कॉम्प्युटरचा कोर्स करत होते तेव्हा. जातीच्या दाखल्यासाठी मीही रांगेत बसले होते. "नेट नाही, उद्या या," एवढं सांगून ऑपरेटर कानात इअरफोन घालून स्क्रीनकडे बघत हसत होता. कॉम्प्युटरची पाठ आमच्याकडे होती. तिथे नेटच्या केबलच्या टोकाशी हिरवा दिवा स्थिर होता आणि पिवळा एकसारखा लुकलुकत होता. म्हणजे केबल नीट होती, नेट धो धो येत होतं. वर्गात नुकतंच शिकवलं होतं.

शेजारी डोंगरातल्या पाड्यावरून चालत आलेली एक म्हातारी होती. पदरातला चिकू तिने मघाशीच माझ्या हातावर ठेवला होता. तिने विचारलं, "पोरी, तो दिवा कशाला लुकलुकतो गो?"

माझा दाखला मिळणं त्या ऑपरेटरच्याच हातात होतं. मी म्हटलं, "काही नाही, मावशी. तो असाच लागतो."

ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "शिकलेली पोर सांगते, नेट नायच."

तोवर हटून बसलेली माणसं मुकाट उठली. बाकं रिकामी झाल्यावर ऑपरेटरने इअरफोन काढला आणि माझ्या अर्जाकडे बोट दाखवून मला खुणेने जवळ बोलावलं.

मी गेले.