गीताबाईंची सून नावं तपासते

मेघाचा कंप्युटर धसईला आला तेव्हा तो बघायला जेवढी माणसं जमली, तेवढी तिच्या मुलीच्या, मितालीच्या बारशालाही जमली नव्हती. कल्याणहून एसटीने मुरबाड आणि मुरबाडहून जीपने धसई, असा तिच्या नवऱ्याने, नरेंद्रने तो आणला. डबा टपावर बांधला, पण काचेचा पडदा गोधडीत गुंडाळून त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला. जीपमधून उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

गीताबाई दारात उभी होती. मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला आणि सून ठाण्याच्या कंपनीत इंजिनियर, हे तिला सांगायला आवडायचं. नवरा गेला तेव्हा नरेंद्र शाळेतही जात नव्हता. लोकांच्या शेतावर लावणी-कापणी करून, बाजारात भाजी विकून तिने त्याला शिकवलं. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची, पण वाचायची. सून शिकलेली हवी हा हट्ट तिचाच. शहापूरची मेघा बघायला गेले तेव्हा मुलीच्या बापाने भीत भीत विचारलं होतं, लग्नानंतर नोकरी चालेल ना? गीताबाई म्हणाली, "सोडली तर चालायची नाय."

मिताली झाली आणि मेघाला रोज ठाण्याला जाणं अवघड झालं. कंपनीने वर्षभर घरून काम करायची परवानगी दिली. गीताबाईने पुढच्या खोलीतली तांदळाची कोठी मागच्या पडवीत ढकलली आणि तिथे टेबल लावलं. सकाळी मेघा टेबलाशी बसली की गीताबाई नातीला घेऊन अंगणात जायची. कुणी मोठ्याने हाक मारली तर ओठांवर बोट ठेवायची. कोंबड्यांनाही त्या बाजूला फिरकू देत नसे.

"पण करते काय गो तुजी सून?" शेजारच्या गिरजाने विचारलं. "घरात बसून पगार कसला?"

हा प्रश्न गीताबाईलाही पडला होता. एका दुपारी तिने सुनेलाच विचारला.

मेघाने विचार करून सांगितलं, "आई, कंप्युटरच्या आत एक मुख्य प्रोग्राम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्याकडे कामापुरती जागा, म्हणजे मेमरी मागतात. मागितलेल्या जागेला ते नाव देऊ शकतात, म्हणजे मशीन अडलं की कुणी किती जागा धरलीय ते यादीत दिसतं. ते नाव बाहेरून येतं ना, म्हणून ते ठीक आहे का बघावं लागतं. फार लांब नको, आणि डोळ्यांना न दिसणारी चिन्हं तर अजिबात नकोत. ओळ तोडणारं एक चिन्ह असतं. ते नावात घुसलं तर एका नावाच्या दोन ओळी दिसतात आणि दुसरी ओळ खोटी. आमच्या कंपनीच्या मशीनच्या पेट्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसतात. खोटी ओळ वाचून तिथला माणूस भलताच प्रोग्राम बंद करेल."

"मंजे तू नावं तपासते."

"हो," मेघा हसली. "तसंच."

गीताबाईला उत्तर मिळालं. पौर्णिमेला विहारात बायका जमल्या तेव्हा तिने ते सांगून टाकलं. "माजी सून नावं तपासते. चुकीचं नाव आत जाऊन देत नाय."

दोन दिवसांनी गिरजा रेशनकार्ड घेऊन दारात हजर. तिच्या नावाच्या जागी 'गिरीश' छापलं होतं. पुरुष म्हणून. "दुकानवाला हसतो गो मला," ती म्हणाली. "मेघाला सांग, तेवढं तपासून टाक." तिच्या पाठोपाठ धाकलू आला. मतदार यादीत त्याचं आडनाव सासऱ्याचं पडलं होतं. मग वरच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांची तर यादीत नावंच नव्हती. आठवड्याच्या शेवटी ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

मेघा प्रत्येकाला समजावत होती की ही नावं ती नव्हेत. लोक मान डोलवायचे आणि कागद पुढे करायचे. त्यातच तिचं काम अडलं होतं. नावं तपासणारा भाग लिहून झाला होता, सगळ्या वाईट नावांना तो बरोबर हाकलत होता. पण चाचणी बराच वेळ चालू ठेवली की मधूनच यादीत एक तुटकी ओळ उमटायची. तपासणीत पास झालेलं नाव, आणि यादीत मात्र खोटं. पुन्हा बघायला जावं तर सगळं ठीक. ठाण्याचे साहेब फोनवर म्हणाले होते, इतक्या क्वचित होतंय तर राहू दे, पेट्या पाठवायच्या आहेत. मेघाला ते पटत नव्हतं, आणि चूकही सापडत नव्हती.

बाहेर धाकलू तिसऱ्यांदा तेच सांगत होता. मेघा ताडकन उठून दारात आली.

"आई, माझं काम काय ते कळत नसेल तर गावभर सांगता कशाला?"

धाकलूने कागद खिशात घातला. माणसं एकेक करून निघून गेली. मितालीला कडेवर घेऊन गीताबाई परसात गेली आणि जेवायच्या वेळीही "वाढलंय" एवढंच म्हणाली. सुनेने आवाज चढवला याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं, ती स्वतः कुठे कमी बोलायची! पण 'कळत नसेल तर' हे शब्द लागले होते. कळावं म्हणून तर तिने विचारलं होतं.

दुपारी लोडशेडिंगची वेळ झाली. पंखा थांबला, कंप्युटर बंद करावा लागला. गीताबाई पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. मेघा येऊन शेजारी बसली आणि तिने मूठभर वाल स्वतःपुढे ओढले.

"चुकलं माझं," मेघा म्हणाली. "तुमचा राग नव्हता तो."

"मग कुणाचा?"

"कामाचा. आठवडा झाला, सापडत नाहीये."

"माजं डोकं त्यात चालायचं नाय," गीताबाई म्हणाली. मग तिने एक वाल चिमटीत दाबला. "पण सांग. बसलीच हाय मी."

मेघाने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. गीताबाईला समजावं म्हणून सावकाश, एकेक पायरी.

"प्रोग्राम सांगतो, माझ्या जागेचं नाव अमुक. ते नाव त्याच्याकडंच लिहिलेलं असतं, त्याच्या जागेत."

"बरं."

"मी तिथं जाऊन ते वाचते. लांबी बघते, अक्षरं बघते. सगळं ठीक असेल तर हो म्हणते."

"मग?"

"मग ते उतरवून आत आणते, कर्नेलच्या जागेत."

"मग?"

"मग ते यादीत..." मेघाचा हात वालावरच थांबला. "आई. मी तपासते बाहेर आणि उतरवून घेते नंतर."

"मग काय झालं?"

"मधे वेळ जातो ना! एवढासा, पण जातो. त्याच प्रोग्रामचा दुसरा भाग तेवढ्यात तिथलं नाव बदलू शकतो. मी चांगलं नाव तपासलं आणि आत आणलं भलतंच! आधी उतरवून आत आणायला पाहिजे. आणि मग माझ्याजवळ आहे तेच तपासायचं. तिथं कुणाचा हात पोचत नाही."

ती उठली, खोलीत गेली आणि तशीच परत आली. लाइट यायला अजून वेळ होता. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर पडवीतच लिहायला बसली. मिताली रांगत येऊन पेन ओढू लागली, तशी गीताबाईने नातीला उचललं आणि उरलेले वाल एकटीने सोलून टाकले.

लाइट आल्यावर मेघाने दुरुस्ती केली आणि चाचणी लावली. तुटकी ओळ त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही नाही. टेलिफोनच्या तारेवरून काम ठाण्याला गेलं. साहेबांचा फोन आला तेव्हा मेघा म्हणाली, "सासूबाईंनी शोधून दिलं." गीताबाईने तिकडूनच हात हलवले. "खोटं नको सांगूस! मी काय बोलली? नुसतं मग मग केलं." पण पुढचे कित्येक दिवस तिची पावलं जरा वेगळीच पडत होती.

राहिले ते ओट्यावरचे लोक. गीताबाईला ते चैन पडू देईनात, कारण त्यांना आशा लावली होती तिने. तिने मेघाला विचारून घेतलं की रेशनकार्डातलं नाव कुठे बदलतात आणि सोबत काय लागतं. मग गिरजाला घेऊन ती मुरबाडला तहसील कचेरीत गेली. पहिल्यांदा साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा शाळेचा दाखला मागितला. गिरजा शाळेत गेलीच नव्हती, मग सरपंचाची सही आणायला पुन्हा धसई. तिसऱ्यांदा खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, तुम्ही कोण हिच्या?"

"शेजारीण," गीताबाई म्हणाली. "ती बाई हाय, ते तुमाला कागदावर दिसत नाय म्हणून मी दाखवायला आली."

कारकून हसला, आणि त्याने कागद ठेवून घेतला.

वर्ष संपलं, मेघा पुन्हा ठाण्याला जाऊ लागली. गीताबाईचा मात्र मुरबाडला फेरा ठरून गेला. मितालीला नरेंद्रच्या शुक्रवारच्या सुट्टीला त्याच्यावर सोपवायची आणि कुणाला तरी घेऊन निघायची. धाकलूचं आडनाव दुरुस्त झालं. वाडीतल्या म्हाताऱ्यांपैकी एकीचं नाव चढलं, दुसरी त्याआधीच गेली. त्याचं गीताबाईला फार लागलं. ती तिच्या मुलाकडे जाऊन बसून आली.

गिरजाचं नवं कार्ड हातात पडलं त्या दिवशी दोघी एसटी स्टँडसमोर उसाचा रस प्यायल्या. गिरजाला वाचता येत नव्हतं. गीताबाईने बोट ठेवून एकेक अक्षर लावत नाव वाचून दाखवलं. गिरजाने ते परत वाचायला लावलं. मग पिशवीत कार्ड नीट सरकवून ती म्हणाली, "उद्या माज्या जावेला घेऊन येऊ? तिचंपण चुकलंय."

"उद्या नाय," गीताबाई म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी आण. उद्या मेघाला सुट्टी हाय. आमी दोघी शहापूरला चाललोय, तिच्या आईकडं. येताना मुद्दाम उशीर करणार हाय."